नामिबिया-बोत्स्वाना स्वतः गाडी चालवत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामिबियाची राजधानी विंडहुकहून निघून एतोशाचं राष्ट्रीय उद्यान, तिथून कॅप्रिव्हीची पट्टी (नामिबियाचा ईशान्येकडचा चिंचोळा भाग), मग बोत्स्वानातली चोबे, सावुटी, मोरेमी ही जंगलं आणि माऊन-गान्झी या गावांमार्गे परत विंडहुक. या वर्तुळाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आणि गुंतागुंतीचे नंतर घेतले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. एकूण किती किलोमीटर होतात आणि किती दिवस लागतात?

जंगलातल्या फेऱ्या धरून सुमारे ३००० ते ३२०० किमी. सोळा ते अठरा दिवस हवेत. चौदा दिवसांत बसवता येतं, पण मग एतोशा किंवा मोरेमी यांपैकी एकाला कात्री लागते. अंदाजासाठी टप्पे असे: विंडहुक ते एतोशाचा ओकाकुयो कॅम्प ४३५ किमी, ग्रूटफाँटेन ते रुंडू २५०, रुंडू ते दिवुंडू २००, दिवुंडू ते कातिमा मुलिलो ३००, कातिमा ते न्गोमाची सीमा ओलांडून कासाने १२५. हे सगळं डांबरी आहे. कासाने ते माऊन सावुटी आणि ख्वाई (मोरेमीला लागून असलेला भाग) यांच्यामार्गे जेमतेम ४०० किमी भरतं, पण ते वाळूतलं. त्याला मुक्काम धरून चार-पाच दिवस द्या.

नकाशावर अंतर पाहून दिवस ठरवू नका. डांबरीवर दिवसाला ४०० किमी बास. वाळूत १२० किमी म्हणजे भरलेला दिवस.

२. कोणत्या महिन्यात जावं?

जनावरं पाहायची असतील तर जुलै ते ऑक्टोबर. पाऊस नसतो, गवत बसलेलं असतं आणि सगळी जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. जून-जुलैच्या रात्री कडाक्याच्या असतात. कालाहारीच्या बाजूला पारा शून्याजवळ जातो, तेव्हा "आफ्रिका म्हणजे उकाडा" असं समजून नुसते टी-शर्ट भरू नका. ऑक्टोबरमध्ये दुपारी चाळिशीला टेकतं. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीचा मेळ घालायचा असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध चालतो, पण उकाड्याची तयारी ठेवा.

मे महिन्याची सुट्टी? हवा छान असते, पण गवत माणसाच्या कमरेएवढं असतं. जनावरं कमी दिसतात आणि गाडीला वेगळाच धोका असतो (प्रश्न २१). डिसेंबर ते मार्च पहिल्या खेपेला टाळाच. सावुटीच्या दक्षिणेला माबाबेच्या सखल भागात काळी कापसाची माती आहे, आपल्या विदर्भातल्यासारखीच. पावसात ती चाकांना अशी धरते की फोर बाय फोरचाही (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचाही) इलाज चालत नाही.

३. व्हिसा आणि लायसन्सचं काय?

भारतीय पासपोर्टवर नामिबिया आणि बोत्स्वाना, दोन्हींचे स्वतंत्र व्हिसा लागतात. बोत्स्वानाचा अर्ज ऑनलाइन होतो. खरी चूक नामिबियाच्या व्हिसात होते. या मार्गावर तुम्ही नामिबियात दोनदा शिरता, एकदा विमानतळावर आणि एकदा परतताना सीमेवर. त्यामुळे मल्टिपल एंट्रीच हवी. जोहान्सबर्गला विमान बदलताना दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि सामान स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागणार असेल, तर दक्षिण आफ्रिकेचाही व्हिसा लागेल. शंभर डॉलर वाचवण्याच्या नादात हे अंगाशी येतं.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो. अर्ज नमुना ४-अ, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत ठेवा, नुसता परवाना चालत नाही. जे जे गाडी चालवणार, त्या सगळ्यांची नावं भाडेकरारात लिहून घ्या.

४. सोबत मुलं आहेत. जास्तीचे कागद लागतात का?

लागतात. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाचा जन्मदाखला हवा आणि त्यावर आई-वडील दोघांची नावं हवीत. महापालिकेचा मराठी-इंग्रजी दाखला चालतो. फक्त मराठीत असलेला जुना दाखला असेल तर नवा काढून घ्या. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत ठेवा. भाचा-पुतण्याला नेत असाल तर दोन्ही पालकांची संमती लागते. हे कागद हातातल्या बॅगेत असू द्या. विमानात बसण्याआधीच ते मागितले जाऊ शकतात.

५. साधी कार चालेल का? फोर बाय फोर फार महाग पडते.

फक्त एतोशा करणार असाल तर खुशाल साधी कार घ्या. आतले मुख्य रस्ते खडीचे आहेत, पण नीट ठेवलेले असतात. उंच गाडीतून गवताच्या वरून दिसतं, एवढाच फरक. कॅप्रिव्हीचा बी-८ महामार्गही डांबरी आहे.

चोबेचा नदीकाठ, सावुटी, ख्वाई, मोरेमी यांपैकी काहीही असेल तर लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त ताकद देणारा) असलेली खरी फोर बाय फोरच हवी. "एसयूव्ही" असं नुसतं नाव असलेली गाडी तिथे कामाची नाही. बहुतेक कंपन्या टोयोटा हायलक्स डबल कॅब देतात. तिच्या छतावर एक-दोन तंबू, मागे ४० लिटरचा फ्रिज, दुसरी बॅटरी, गॅस आणि भांडीकुंडी असतात. दोन तंबूंत चार मोठी माणसं झोपतात, पण त्यांच्या बॅगा मऊ हव्यात. कडक सुटकेस मागच्या कप्प्यात बसतच नाही.

६. गाडी ताब्यात घेताना काय पाहायचं?

दोन तास हाताशी ठेवा आणि घाई करणाऱ्याचं ऐकू नका. स्टेपनी दोन हव्यात, त्याही त्याच मापाच्या. जॅक, पाना आणि जॅकखाली ठेवायची फळी बाहेर काढून पाहा. वाळूत फळीशिवाय जॅक खाली जातो. काँप्रेसर सुरू करून बघा आणि हवा मोजायचा गेज घ्या. फावडं, ओढायचा पट्टा, बॅटरीच्या केबल मोजून घ्या. फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगात), फोर-एल (तीच लो-रेंजमध्ये) आणि डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) प्रत्यक्ष लावून बघा. तंबू स्वतः एकदा उघडून बंद करा. फ्रिजची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी आहे याची खात्री करा, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. टायरच्या बाजूंचे काप आणि काचेवरचे टिपके यांचे फोटो काढून ठेवा.

बोत्स्वानात नेणार हे कंपनीला आधीच कळवा. गाडी सीमेपार नेण्याचं परवानगीपत्र आणि नोंदणीची प्रमाणित प्रत नसेल तर सीमेवरूनच माघारी फिरावं लागतं.

७. पूर्ण विमा घेतला की चिंता नाही ना?

"पूर्ण" विम्यातही बारीक अक्षरं असतात. नेहमी वगळलेल्या गोष्टी अशा: पाण्यात गाडी घातल्याचं नुकसान, गाडीच्या खालच्या बाजूचं नुकसान, क्लच जळणं, सूर्यास्तानंतर झालेला अपघात आणि वेगमर्यादा मोडली असताना झालेला अपघात. दुसरी गाडी मध्ये नसताना गाडी उलटली, तर त्याचे नियम अनेकदा वेगळे असतात आणि नामिबियात पर्यटकांचे अपघात बहुतेक तसेच होतात (प्रश्न ८). टायर आणि काच यांचं कव्हर वेगळं मिळत असेल तर घ्याच. बऱ्याच गाड्यांत ट्रॅकर असतो, तेव्हा "मी हळूच चालवत होतो" हे चालत नाही.

८. तिथेही डावीकडूनच चालवतात. मग वेगळं काय आहे?

खडीचा रस्ता वेगळा आहे. रुंद, सरळ, रिकामा रस्ता पाहून पाय जड होतो. कायद्याने खडीवर १०० ची मुभा असली तरी भाड्याच्या गाडीला बहुतेक ८० ची मर्यादा असते आणि तीही जास्तच समजा. गाडी उलटते ती ठरलेल्या पद्धतीने. एक चाक कडेच्या सैल खडीत जातं, चालक घाबरून स्टिअरिंग झटकन उजवीकडे ओढतो, छतावर तंबूचं ओझं असलेली गाडी डोलते, मग तो डावीकडे ओढतो आणि तिसऱ्या झटक्याला गाडी आडवी. चाक खडीत गेलंच तर ब्रेक मारू नका. पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग चाळीसच्या खाली आला की हळूच वर या. समोरून गाडी येत असेल तर धुळीत दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, तेवढ्यासाठी वेग आधीच कमी करा.

आणखी एक. "स्टॉप" लिहिलेल्या पाटीपाशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, समोर चिटपाखरू नसलं तरी. चौकात चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो. आपल्यासारखं नाक पुढे घालून चालत नाही. डांबरीवर मर्यादा १२०, गावात ६०, एतोशात ६०, चोबे-मोरेमीत ४०.

९. रात्री उशिरा पोहोचलो तर?

पोहोचू नका. विम्याचा मुद्दा प्रश्न ७ मध्ये आहेच, पण खरं कारण जनावरं. दक्षिण भागात कुंपणं आहेत, मात्र कुडू हरणं ती सहज उडी मारून ओलांडतात आणि हेडलाइटच्या झोतात येतात. रुंडूच्या पुढे आणि जवळपास सगळ्या बोत्स्वानात गुरं, गाढवं, शेळ्या मोकळ्या असतात. गाढव तर डांबराची ऊब घेत रस्त्यातच उभं राहतं. शिवाय एतोशाची फाटकं सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात, उद्यानांत रात्री गाडी फिरवायला बंदी आहे. दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठायचा, या हिशेबाने सकाळी निघा.

१०. टायरमधली हवा किती ठेवायची?

भरलेल्या हायलक्ससाठी साधारण मापं: डांबरीवर २.३ बार म्हणजे ३३ पीएसआय, खडीवर १.८ म्हणजे २६, वाळूत १.२ म्हणजे १७-१८. कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत खुपसत नाही. खडीवर टायर थोडा मऊ असेल तर धारदार दगडाने फाटण्याऐवजी दबतो.

दोन गोष्टी विसरल्या जातात. कमी हवेवर ४० च्या वर जाऊ नका आणि झपकन वळू नका, टायर रिममधून सुटतो. आणि डांबरी लागली की आधी हवा भरा, मग पुढे. मऊ टायरवर शंभरने गेलं की टायर आतून तापतो आणि फुटतो. चार चाकांना काँप्रेसरने पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या वेळात चहा होतो.

११. वाळूत गाडी रुतली तर काय करायचं, क्रमाने सांगा.

आधी न रुतण्याबद्दल. काचिकाऊ गावापाशी डांबर संपतं आणि सावुटीकडची खोल वाळू सुरू होते. तिथेच थांबून हवा उतरवा आणि फोर-एच लावा. जड भागात फोर-एल. रुतल्यावर हवा सोडायला उतरायचं म्हणजे जंगलात उतरणं. शक्यतो सकाळी लवकर जा, गार वाळू घट्ट असते, दुपारी ती सैल होते. पडलेल्या चाकोरीतच चाला, स्टिअरिंगशी झटापट नको, गिअर मध्येच बदलू नका आणि वेग एकसारखा ठेवा. समोरून गाडी आली तर जिथे पक्की जागा असेल तो थांबतो.

रुतलीच तर पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाकं फिरवत ठेवली की गाडी खाली जाते आणि पोट टेकतं. मग चारी बाजूंना नीट बघा, झुडपांखालीही. एकाने गाडीच्या वर उभं राहून पहारा द्यावा. हवा एक बारपर्यंत, गरज पडल्यास ०.८ पर्यंत उतरवा. चारही चाकांच्या मागची आणि पोटाखालची वाळू काढा. फोर-एल, डिफ लॉक, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरताना ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद, आणि रिव्हर्स. आलेल्या चाकोरीतून मागे येणं नेहमी सोपं, कारण तिथली वाळू दाबलेली असते. पुढेच रेटायचा हट्ट धरून लोक तास घालवतात. मागे आलात की थोडा वेग घेऊन पुन्हा जा. चाकाखाली सुकी लाकडं घालता येतात, गाडीतली पायपुसणी मात्र फाटून मागे उडतात.

१२. कोरड्या मोसमात मोरेमीत पाण्यातून गाडी घालावी लागते असं ऐकलं. कसं शक्य आहे?

ओकावांगो नदीचं पाणी अंगोलातल्या पावसाचं. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस सपाट प्रदेशातून सावकाश सरकत माऊनपाशी पोहोचतो तो जून-जुलैत. म्हणजे आभाळ कोरडं असताना तिचा डेल्टा (त्रिभुज प्रदेश, मोरेमी त्यातच आहे) भरलेला असतो, आणि जून ते ऑगस्टमध्ये मोरेमीतले काही रस्ते पाण्याखाली जातात. सावुटीचा ओढा तर आणखी लहरी. तो १९८२ मध्ये आटला आणि २००८ नंतरच पुन्हा वाहू लागला.

पायी उतरून खोली बघायची नाही, पाण्यात मगरी आणि पाणघोडे असतात. दुसरी गाडी जाईपर्यंत थांबा आणि तिच्या चाकांवर पाणी कुठवर येतं ते पाहा. फाटकावरच्या माणसाला त्याच दिवशीची स्थिती विचारा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर ठीक. बंपरच्या वर जाणार असेल तर दुसरी वाट धरा. जाताना फोर-एल, दुसरा गिअर आणि चालण्याच्या वेगाने, मध्ये थांबायचं नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी ओढलं गेलं असेल तर इंजिन जातं, आणि ते विम्यात बसत नाही.

१३. डिझेल कुठे मिळतं? जेरीकॅन लागेल का?

ओत्जिवारोंगो, आउट्यो, त्सुमेब, ग्रूटफाँटेन, रुंडू, दिवुंडू, कातिमा, कासाने, माऊन, गान्झी, गोबाबिस इथे पंप आहेत. एतोशातही मोठ्या कॅम्पांवर आहेत, पण कधीमधी माल संपलेला असतो, म्हणून बाहेरूनच टाकी भरा. अर्धी झाली की भरा, हा साधा नियम.

प्रश्न फक्त कासाने-सावुटी-माऊनचा. ४०० किमी अंतर आणि जंगलातल्या फेऱ्या दीडशे, म्हणजे ५५० किमी. वाळूत हायलक्स शंभर किमीला १६ ते १८ लिटर पिते, म्हणजे जवळपास १०० लिटर. टाकी ८० लिटरची. म्हणून मोठी टाकी असलेली गाडी घ्या किंवा २० लिटरचे दोन कॅन. पंपावर माणूस डिझेल भरतो, काच पुसतो, त्याला थोडी टिप द्यायची पद्धत आहे. लहान गावांत कार्ड चालेलच असं नाही.

१४. कॅम्पसाइट आधी बुक करायला हव्यात का, की जाऊन बघू?

बोत्स्वानातल्या उद्यानांत बुकिंगशिवाय मुक्काम नाहीच. फाटकावर कागद दाखवावा लागतो. अडचण ही की तिथल्या साइट वेगवेगळ्या खासगी संस्थांकडे आहेत: चोबेतला इहाहा एकाकडे, सावुटी दुसऱ्याकडे, मोरेमीतला थर्ड ब्रिज तिसऱ्याकडे. त्यामुळे तारखा जुळवताना दमछाक होते. आधी सावुटी आणि थर्ड ब्रिज पक्कं करा, बाकीचे दिवस त्यांच्याभोवती बसवा. जुलै-ऑगस्टसाठी नऊ ते अकरा महिने आधी लागा. प्रवेशशुल्क वेगळं असतं, कॅम्पच्या पैशांत ते धरलेलं नसतं. एतोशाचे कॅम्प सरकारी संस्थेकडे आहेत, तिथे त्यामानाने जागा मिळते, पण ओकाकुयो लवकर भरतं. कॅप्रिव्हीत नदीकाठचे खासगी कॅम्प दोन दिवस आधी फोन करूनही मिळतात.

१५. एतोशात दिवस कसा आखायचा?

पाठलाग करू नका, पाणवठ्यावर थांबा. एतोशाचं मोठं मिठागर सुमारे ४८०० चौ. किमी आहे आणि रस्ते त्याच्या दक्षिण कडेने पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत जातात. सूर्योदयाला फाटकातून बाहेर, एका पाणवठ्यावर दीड-दोन तास इंजिन बंद करून बसायचं, अकराला कॅम्पवर, तीनला पुन्हा बाहेर. ओकाकुयो ते हालाली ७० किमी आणि हालाली ते नामुतोनी ७५. हे अंतर एकाच दिवसात कापलं की काहीच नीट दिसत नाही. प्रत्येक कॅम्पवर दोन रात्री राहा.

रात्र मात्र ओकाकुयोच्या दगडी कठड्यामागे घालवा. पाणवठ्यावर पिवळट दिवे असतात. काळा गेंडा झाडीतून येतो, दिव्याच्या कडेला चार-पाच मिनिटं नुसता उभा राहतो, मग पाण्याशी येतो आणि त्याचं प्रतिबिंब आधी दिसतं. दिवसभर गाडी पळवून जे दिसत नाही, ते इथे शाल पांघरून दिसतं. बोलू नका, फ्लॅश वापरू नका. गेंड्याचे फोटो टाकताना ठिकाणाची माहिती काढून टाका, शिकारी ती वापरतात. रानम्हैस आणि पाणघोडा एतोशात नाहीत, ते चोबेत पाहा.

१६. हत्तीने रस्ता अडवला तर?

थांबा आणि वाट पाहा. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर वाढवणं नाही. कळपात पिल्लं असतील तर आई आणि पिल्लू यांच्यामध्ये गाडी येता कामा नये. कान पसरून डोकं हलवतो, धूळ उडवतो, दोन पावलं पुढे येतो, ही बहुतेक वेळा ताकीद असते. सावकाश मागे या. कान मागे चिकटलेले, सोंड आत वळलेली, डोकं खाली असेल तर ते खरं असतं, तेव्हा जागा सोडायचीच. डोळ्यामागून कानाजवळ ओला ओघळ आणि मागचे पाय मुतामुळे भिजलेले असतील, तर तो माजावर आलेला नर आहे. त्याच्यापासून शंभर मीटर तरी लांब राहा. गाडी नेहमी अशी उभी करा की मागे जायला वाट राहील. चोबेच्या नदीकाठी दोन्हीकडून हत्ती उतरतात, तिथे हेच विसरलं जातं.

बी-८ ब्वाब्वाटा उद्यानातून जवळपास दोनशे किमी जातो. मधून जाताना परवाना लागत नाही, पण हत्ती कुठूनही रस्त्यावर येतात. ८० च्या वर नको.

१७. बोत्स्वानाच्या कॅम्पला कुंपण नसतं म्हणे. रात्री बाथरूमला जायचं कसं?

नसतंच. म्हणून अंधार पडल्यावर तंबूतून उतरायचं नाही. संध्याकाळी पाणी कमी प्या, आणि तंबूत झाकणाची बाटली किंवा लहान डबा ठेवा. हे ऐकायला बरं नाही वाटत, पण सगळे हेच करतात. अगदीच उतरावं लागलं तर शिडीवरून चारी बाजूंना टॉर्च फिरवा. डोळे चमकले तर परत वर.

जेवण झालं की सगळं अन्न गाडीत, कचराही गाडीत, आणि चपला तंबूत. तरस चप्पल, भांडं, पाण्याचा कॅन, काहीही उचलून नेतो. फळांचा, विशेषतः संत्री-मोसंबीचा वास हत्तींना लागतो, ती बाहेर ठेवू नका. थर्ड ब्रिजची माकडं आणि बबून दिवसा त्रास देतात, काच खाली ठेवून पाच मिनिटंही दूर जाऊ नका. मुलांना कॅम्पमध्येही हाताच्या अंतरावर ठेवा. सावुटीच्या स्नानगृहाभोवती जाड भिंत आहे, ती हत्तींनी पाण्यासाठी आधीचे नळ उखडले म्हणून.

१८. शाकाहारी आहोत. दोन आठवडे खाणार काय?

स्वयंपाक स्वतः करणार असाल तर अडचण नाही. विंडहुकच्या मोठ्या दुकानांत तांदूळ, डाळी, भाज्या, दही मिळतं. माऊन आणि कासानेत 'चॉपीज' हे सुपरमार्केट आहे, आणि माऊनला भारतीय वस्ती असल्याने मसालेही मिळतात. घरून न्यायचं ते हलकं आणि कोरडं: गोडा मसाला, मेतकूट, पोहे, थालीपिठाची भाजणी, लाडू, चिवडा. ताजा कढीपत्ता, घरचं तूप आणि पनीर नेऊ नका. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखस अजिबात ठेवू नये, तिथे ती बंदीच्या यादीत आहे. अनारशांवरची खसखसही त्यात आली.

तीन लिटरचा प्रेशर कुकर चेक-इन सामानात न्या. बहुतेक कॅम्प हजार मीटरच्या आसपास आहेत, उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गॅस मात्र संपतो. मूग आणि मसूर जास्त न्या. चुलीचं लाकूड उद्यानात गोळा करायचं नसतं, रस्त्याकडेला मोळ्या विकत मिळतात.

१९. रस्त्यात फाटकावर सामान तपासतात. ते काय असतं?

गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या बंदोबस्तासाठी दोन्ही देशांत लांबच लांब कुंपणं आहेत. नामिबियातलं 'रेड लाइन' म्हणून ओळखतात. ग्रूटफाँटेन-रुंडू रस्त्यावर मुरुरानीपाशी त्याचं फाटक लागतं. नियम सोपा: उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चं मांस आणि कच्चं दूध न्यायचं नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना अडवत नाहीत. बोत्स्वानात माऊनहून गान्झीला उतरताना तसंच फाटक आहे. सोबत मांसाहारी मंडळी असतील तर माऊनलाच ते संपवा. काही ठिकाणी गाडीची चाकं फवारतात आणि माणसांना औषधी ओल्या पायपुसणीवरून चालायला लावतात. बॅगेतले दुसरे बूटही मागतात, वाद घालू नका.

२०. मलेरिया आणि पिवळ्या तापाची लस, दोन्ही लागतात का?

मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. कॅप्रिव्ही, चोबे, ओकावांगो हा मलेरियाचा पट्टा आहे. पावसाळ्यात धोका सर्वांत जास्त असतो, ऑगस्टमध्ये कमी होतो, पण संपत नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम. परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आधी सांगा.

पिवळ्या तापाची लस भारतातून थेट जाणाऱ्याला लागत नाही. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल किंवा विमानतळाबाहेर पडणार असाल, तर दाखला हवा. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

२१. गवतामुळे गाडी पेटते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि एप्रिल ते जूनमध्ये जास्त. चाकोऱ्यांच्या मधला गवताचा पट्टा गाडीच्या पोटाला घासतो, सुकी पाती तापलेल्या एक्झॉस्टवर अडकतात आणि धुमसतात. अशा वाटेवर दर तासाला थांबा, पण उंच गवतावर थांबू नका. खाली वाकून बघा आणि तारेने गवत ओढून काढा. जळका वास आला तर लगेच. गवताचं बी रेडिएटरमध्येही भरतं आणि इंजिन तापतं, म्हणून पुढे बारीक जाळी लावून मागा. आग विझवायचं यंत्र हाताशी ठेवा, सामानाखाली नको.

२२. रेंज नसते तिथे सॅटेलाइट फोन घेऊ का?

घ्या, पण भाड्याने आणि तिथेच. सावुटी, मोरेमीत मोबाइल चालत नाही. गाडीच्या कंपनीकडेच बहुतेक मिळतो. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तशी उपकरणं बाळगणं गुन्हा आहे. विकत घेऊन मुंबई विमानतळावर उतरलात तर अडकाल. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, त्या भागासाठी 'ट्रॅक्स फॉर आफ्रिका' सर्वांत भरवशाचं.

२३. पैसे कोणते न्यायचे?

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक चालतात. उलट मात्र नाही, नामिबियन नोटा देशाबाहेर कोणी घेत नाही. बोत्स्वानात पुला. सीमेवर गाडीचं रस्ताशुल्क आणि फाटकावरचं शुल्क यांसाठी दोन वेगळ्या बँकांची कार्डं ठेवा, आणि थोडी रोख.

२४. कासानेपासून व्हिक्टोरिया फॉल्स जवळ आहे. गाडी घेऊन जाऊ का?

गाडी कासानेत ठेवा आणि दिवसाची सहल घ्या. भाड्याच्या गाडीला झिम्बाब्वे किंवा झांबियाची परवानगी, वेगळा विमा आणि बरेच शुल्क लागतात. एका दिवसासाठी ते परवडत नाही. २०२१ पासून काझुंगुलाचा पूल झाल्याने झांबियाकडे जाणं सोपं झालंय, पण कागद कमी झालेले नाहीत. तुमच्या बोत्स्वानाच्या व्हिसावर दुसरा प्रवेश आहे का हे आधी पाहा, नाहीतर परत येता येणार नाही.

२५. आमची एकच गाडी आहे आणि वाळूत कधी चालवलेली नाही. सावुटी जमेल का?

हंगामात जमतं, कारण दिवसात काही गाड्या तरी त्या वाटेने जातात. पण प्रश्न १० आणि ११ नुसते वाचून जाऊ नका. कासानेपाशी चोबेच्या नदीकाठच्या वाळूत आधी अर्धा दिवस सराव करा. तिथे हात बसला नाही तर कासाने-नाटा-माऊन हा ६०० किमीचा डांबरी रस्ता आहे, आणि माऊनहून ख्वाई स्थानिक चालकाच्या गाडीने करता येतं. यात कमीपणा काही नाही. सावुटीहून दक्षिणेला जाताना दोन वाटा फुटतात, वाळूच्या उंचवट्यावरची आणि दलदलीतली. जमीन ओली असेल तर उंचवट्यावरचीच धरा.

२६. आणि गाडी बंदच पडली तर?

गाडी सोडून चालू लागायचं नाही, कितीही जवळ वाटलं तरी. बॉनेट उघडं ठेवा, म्हणजे येणाऱ्याला कळतं. माणशी रोज पाच लिटर याप्रमाणे तीन दिवसांचं पाणी गाडीत कायम असावं, ते स्वयंपाकाच्या पाण्यातून काढू नका. रोज सकाळी निघताना कॅम्पच्या कार्यालयात किंवा फाटकावर आजचा मुक्काम सांगून निघा. आणि वाटेत दुसऱ्याची गाडी रुतलेली दिसली तर थांबा. तिथे सगळेच थांबतात.